पंधरावी पुडी

माझ्या गोष्टींतलं निम्मं खोटं असतं, असं माझी बायको गावभर सांगत फिरते. कुठलं निम्मं, ते मात्र तिला आजवर सांगता आलेलं नाही. उंदराच्या मिशीवरून मी चोर पकडला होता, हे तुम्ही माझ्याकडून ऐकलं असेल. त्यातली मिशी खरी होती. आज जे सांगतोय त्यात मी पदरचं काही घालणार नाही, कारण घालायला जागाच नाही. फक्त तो दिवा जरा माझ्याकडे सरकवा, आणि माझं बोलणं संपेपर्यंत कुणी मालवू नका.

माझं काम पुड्या बांधण्याचं. खून झाला की आधी पोलीस जातात, मग आम्ही. मेलेल्याचं काय मागे राहिलं आणि मारणाऱ्याचं काय गळून पडलं, ते गुडघ्यांवर रांगत वेचायचं. केस, दोरा, नखाचा तुकडा, वाळलेला थेंब. प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात. वर नंबर, तारीख, वेळ, माझी सही, आणि त्यावर लाखेचं सील. खात्यात मला पुडीमास्तर म्हणतात. मी रागावत नाही. पुडी नीट बांधली नाही तर खुनी उद्या तुमच्या शेजारी येऊन राहतो, हे त्यांनाही ठाऊक आहे.

या कामात एक नियम आहे. ओलं काहीही असो, ते कागदात बांधायचं, प्लॅस्टिकमध्ये कधीच नाही. ओल आत कोंडली की चार दिवसांत बुरशी धरते, आणि मग त्या रक्ताकडून काही वदवून घेता येत नाही. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवतात. मला नोकरीत एकवीस वर्षं झाली होती, तेव्हा मी ही चूक केली.

ते आधी सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. एका रंगाऱ्याची बायको घरात मेलेली सापडली होती. घरं रंगवणारा माणूस, बोलायला गोड. स्टुलावरून पडली म्हणे. मोरीत एक टॉवेल मिळाला, रक्ताने निथळणारा, आणि त्यावर त्याच्या पंजाचा स्पष्ट ठसा. सगळी केस त्या टॉवेलवर उभी होती. माझ्याकडची कागदी पाकिटं संपली होती. ऊन मी म्हणत होतं, पोटात कावळे ओरडत होते. प्लॅस्टिकची एक पारदर्शक पिशवी होती, तीत टॉवेल कोंबला, सही केली, सील ठोकलं आणि जेवायला गेलो. दहा दिवसांनी प्रयोगशाळेत पिशवी उघडली तेव्हा आत हिरवा-काळा चिखल होता. रंगारी सुटला. कोर्टाच्या हुकमाने तो टॉवेल पिशवीसकट जाळला. जाळताना हजर मीच होतो, त्या कागदावरही माझीच सही आहे.

त्या बाईचे ठसे मी मेल्यावर घेतले होते. दहा बोटांचे म्हणायचे, पण भरले साडेनऊ. डाव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. नवऱ्याने भांडणात दारात चेमटलं होतं, असं तिच्या बहिणीने सांगितलं.

तीन वर्षांनी एका दुपारी साहेबांचा फोन आला. “पुडीमास्तर, सामान घ्या. रंगाऱ्याकडे जायचंय.”

“कुठल्या?”

“तुमच्याच,” साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याची दुसरी बायको आठ दिवस बेपत्ता होती आणि शहराबाहेरच्या नाल्यात मिळाली होती. डोकं असं फुटलेलं, की ओळख साडीवरून पटवली. रंगाऱ्याचं म्हणणं, बाई भांडून घराबाहेर गेली, वाटेत कुणी लुटारूंनी मारली असेल. ती त्याच्या घरातच मेली, हे दाखवणारा एक थेंब हवा होता. त्याची कोठडी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता संपत होती. थेंब नाही मिळाला तर तो सुटणार, आणि सुटला की आधी आपल्या मुलीला न्यायला जाणार. पहिल्या बायकोची मुलगी, आठ वर्षांची. सावत्र आईनेच तिला सुट्टीसाठी मावशीकडे धाडली होती, म्हणून वाचली.

ती मावशी रंगाऱ्याच्या घराच्या फाटकाशी उभी होती. तीन वर्षांत केस पांढरे झाले होते. मला पाहून तिने आदळआपट केली नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

“दादा,” ती म्हणाली, “पोर रात्रभर झोपली नाही. दाराला खुर्ची लावून बसली होती. उद्या तो आला तर मी तिला कुठे लपवू?”

मी बॅगेची चेन उघड-बंद करत राहिलो.

“या वेळी नीट बांधा,” ती म्हणाली आणि बाजूला झाली.

माझ्यासोबत आमचा फोटोवाला होता. अंधारात फोटो काढण्यात वाकबगार, म्हणून त्याला काजवा म्हणतात. एरवी त्याच्या तोंडाला कुलूप नसतं. त्या दिवशी तो मान खाली घालून पायऱ्या चढला. मग हळूच म्हणाला, “मास्तर, पाकिटं मोजून आणलीत ना?”

“शंभर आणलीत.”

“एवढी? लग्नाच्या पत्रिका वाटायच्यात का?”

हसलो दोघंही. शेवटचंच हसणं ते, त्या दिवसापुरतं.

घरात शिरल्याबरोबर ताज्या रंगाचा वास नाकात घुसला. मधली खोली रिकामी केलेली. भिंती पांढऱ्याशुभ्र, छतही पांढरं. फरशी इतकी घासलेली की पाय घसरावा. हवालदाराने रंगाऱ्याला आणलं. त्याचा उजवा हात हवालदाराच्या डाव्या हाताशी बेडीने जोडलेला होता. तरी चेहऱ्यावर घर दाखवायला आल्यासारखा आनंद.

“या मास्तर! ओळखलंत का? तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर.”

साहेब गुरकावले, “तोंड बंद.”

“गप्पच आहे साहेब. फक्त भिंत बघा म्हणतो. खाली लांबीचा लेप, वर तीन हात ऑइलपेंट. पाठीवर थाप मारावी असं काम झालंय.”

“बायको बेपत्ता असताना रंग काढायला बरं सुचलं तुला?”

“दुःख विसरायला माणूस काहीतरी करतोच ना, साहेब.”

आमच्याकडे एक रसायन असतं. बाटलीतून फवारायचं. पुसलेल्या, धुतलेल्या रक्तालाही ते लागलं की निळसर उजेड फुटतो, अर्धा मिनिट टिकतो आणि विझतो. तो उजेड दिसायला खोलीत मिट्ट काळोख लागतो. म्हणून भर दुपारी तीन वाजता आम्ही खिडक्यांवर काळं कापड ठोकलं, दाराच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या, कडी आतून लावली. साहेब दिव्याच्या बटणापाशी. रंगारी आणि हवालदार दाराला पाठ लावून. काजवा मधोमध कॅमेऱ्यामागे. मी बाटली घेऊन समोरच्या भिंतीपाशी. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचा धपधप आवाज येत होता.

“घालवा दिवा,” मी म्हणालो.

तुम्ही कधी खरा काळोख पाहिलाय? डोळे उघडे की मिटलेले, हे बोटाने चाचपून बघावं लागतं. मी फरशीवर फवारा मारला, आणि सगळी फरशी एकदम भगभगली! भिंतीपासून भिंतीपर्यंत. काजव्याने आनंदाने शिट्टी मारली. माझं मात्र अवसान गळालं. इतका एकसारखा, इतका झटपट उजेड रक्ताचा नसतो. तो ब्लीचिंगचा. त्याने बादल्याच्या बादल्या ओतून फरशी धुतली होती. आता त्याखाली रक्त असलं तरी वेगळं दिसणार नव्हतं.

अंधारात रंगारी खुदकन हसला. “स्वच्छतेची आवड आहे मला, मास्तर.”

भिंतींवर फवारलं. काही नाही. रंगाच्या तीन थरांआडचं रक्त या रसायनाला दिसत नाही. जे फवाऱ्याला लागतच नाही, ते चमकेल कसं? बाटली संपत आली. डोळ्यांपुढे दाराला लावलेली ती खुर्ची यायला लागली.

“साहेब,” मी म्हणालो, “नाही मिळत.”

बाहेरचा गालिचा झटकण्याचा आवाज केव्हा थांबला होता, कुणास ठाऊक.

“मास्तर…” काजवा पुटपुटला. “तिथे फवारलंत का?”

“कुठे?”

“तुमच्या उजवीकडे… खाली.”

मी बघितलं. भिंतीच्या तळाशी, वीतभर उंचीवर, एक पंजा उजळत होता. डावा, बायकी पंजा. निळा उजेड आधी तळव्यात आला, मग बोटांत पाझरत गेला. चार बोटं पूर्ण. करंगळी अर्ध्यावर संपली.

मी तिथे फवारलं नव्हतं. आणि पंजा रंगाच्या खाली नव्हता, रंगाच्या वर होता.

चोवीस वर्षांची सवय वाईट. मी खिशातून नंबरची चिठ्ठी काढली आणि त्या पंजाच्या टोकाशी चिकटवली. हाताला लागली ती, सात नंबरची. ओठांवर चव लोखंडाची.

पंजा विझला. त्याच्या वर दुसरा उमटला. मग तिसरा. कुणीतरी भिंत धरून उठत होतं…

“कुणी हललं का?” साहेबांचा आवाज.

कुणी हललं नव्हतं. मग छतावर एक ओळ पेटली. ठिपक्यांची, कमानीसारखी वळलेली. मला ती वाचता येते. हत्यार रक्तात बुडतं, पुन्हा मारायला वर उचलतात, तेव्हा त्यावरून उडालेले थेंब छतावर अशी कमान काढतात. पहिल्या घावाला कमान नसते, कारण हत्यार तेव्हा कोरडं असतं. म्हणजे कमानी मोजायच्या आणि त्यात एक मिळवायचा.

धप्प.

दुसरी कमान. हा आवाज गालिच्याचा नव्हता, आणि बाहेरचाही नव्हता. ओल्या मडक्यावर हातोडा बसावा तसा, माझ्यापासून दोन हातांवर.

धप्प. तिसरी. कोपऱ्यात निळं काहीतरी भिंतीला घासत खाली आलं, पाच बोटांचे पाच ओरखडे. ते पूर्ण पाच होते. त्याच्या दुसऱ्या बायकोचे. चौकटीला तिने धरलेलं, तिथून एकेक बोट सोडवलेलं, सगळं दिसत होतं. धप्प. माझ्या गालावर काहीतरी कोमट उडालं. धप्प. काजवा दबक्या आवाजात मोजत होता, “पाच…” आणि मोजता मोजता रडत होता.

“सहा…”

मग आवाज थांबला. सहा कमानी. सात घाव.

आता ते अर्ध्या करंगळीचे पंजे फरशीवर उमटायला लागले. एकापुढे एक, रांगत, दाराच्या दिशेने.

“दिवा लावा,” रंगारी म्हणाला. त्याच्या आवाजातला गोडवा गेला होता. “साहेब, दिवा… लावा ना हो…”

“लागत नाहीये,” साहेब म्हणाले. बटणाची कटकट ऐकू येत होती.

“तू कशाला आलीस?” रंगारी आमच्याशी बोलत नव्हता. “तुझं झालं होतं ना… पोरीला काही केलं नाही मी… अगं, पोरीला हात नाही लावला… अजून…”

त्या ‘अजून’वर एक क्षण काहीच हललं नाही. मग धाडकन दार आपटल्यासारखा आवाज झाला, आणि पाठोपाठ असा किंचाळला तो, की ती किंकाळी आजही माझ्या दातांत आहे.

दिवा लागला.

भिंती पांढऱ्याशुभ्र. छत पांढरं. फरशी स्वच्छ. दाराची कडी लावलेली, फटींवरच्या चिकटपट्ट्या जशाच्या तशा. रंगारी खाली बसला होता आणि स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होता. करंगळीचं वरचं पेर नव्हतं. उरलेलं बोट चपटं झालं होतं, हाडाचं पांढरं टोक बाहेर. रक्ताची चिळकांडी त्याच्या त्या सुंदर भिंतीवर उडत होती.

हवालदार भिंतीला चिकटला होता. “मी काही केलं नाही हो. मला वाटलं, हा पळतोय. मी नुसती बेडी ओढून धरली होती…”

माझी सात नंबरची चिठ्ठी मात्र जागेवर होती. त्या पंजांची खूण म्हणून उरलं ते तेवढंच. रंगाऱ्याला दवाखान्यात पाठवलं, आणि मी त्या चिठ्ठीपाशी बोटाने ठोकून पाहिलं. पोकळ वाजलं. छिन्नी लावली. लांबीचा खपला निघाला, मागे दोन विटांची जागा रिकामी, आणि आत चिंध्यात गुंडाळलेला हातोडा. त्याला केस चिकटलेले होते, कवटीची कपची होती. भोवतालचा रंग खरवडला, तर खाली गिलाव्यात मुरलेलं रक्त.

सगळं कागदात बांधलं. एकेक वेगळं. चौदा पुड्या. साहेबांनी मोठ्याने मोजल्या, काजव्याने मोजल्या, बाहेर थांबलेल्या साक्षीदारांनी मोजून सह्या केल्या. करंगळीचं तुटलेलं पेर शोधायला आम्ही तिघं दोन तास रांगलो. खसखशीएवढी वस्तू शोधणारी माणसं आम्ही. ते नाही मिळालं.

संध्याकाळी कार्यालयात पेटी उघडली. जमा करण्याआधी पुन्हा मोजायच्या असतात. मी मोजल्या. पंधरा.

चौदा कागदाच्या. पंधरावी तळाशी होती, प्लॅस्टिकची. पारदर्शक, आतून धुक्याने पांढरी झालेली. वर माझं अक्षर. तीन वर्षांपूर्वीची तारीख. माझी सही. माझं लाखेचं सील, न मोडलेलं. जी मी स्वतःच्या डोळ्यांनी जळताना पाहिली होती, ती.

काजवा माझ्या खांद्यावरून बघत होता. “मास्तर, ही कुठून…”

मी पिशवी उचलली. ती कोमट होती. धुकं जरासं ओघळलं, आणि आत टॉवेल दिसला, तसाच लाल, ओला. टॉवेलच्या घडीवर करंगळीचं एक पेर पडलं होतं. पुरुषी. नखाखाली पांढरा ऑइलपेंट.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? कागदावर चौदा लिहिलेत. पेटीत पंधरा निघाल्या असं कळलं, तर कुठलाही वकील उठून म्हणणार, पेटीत बाहेरून काहीतरी घातलंय. मग हातोडाही गेला, केसही गेले, अकरा वाजता रंगारी बाहेर, आणि बारा वाजता तो मावशीच्या दारात. खरं सांगितलं तर त्या पोरीचा जीव जाणार. मी आयुष्यभर थापा मारल्या, पण कागदावर कधी नाही. त्या संध्याकाळी मारली.

“किती आहेत रे?” मी विचारलं.

काजव्याने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. “चौदा,” तो म्हणाला. नंतर त्याने बदली मागून घेतली. त्या दुपारचे त्याचे सगळे फोटो काळे निघाले होते.

रंगाऱ्याच्या वकिलाने पोलिसांनी बोट ठेचलं म्हणून आकांत केला. डॉक्टरांनी लिहून दिलं, जखम दारात चेमटल्याची आहे. मग कुणी फार खोलात गेलं नाही. चौदा पुड्या टिकल्या. रंगारी जन्मभरासाठी आत आहे. पोर आता तेरा वर्षांची झाली. मावशी सांगत होती, रात्री खुर्ची वगैरे काही लावत नाही, गाढ झोपते.

पिशवी माझ्याकडे आहे. घरी, लोखंडी कपाटात, स्वेटरच्या मागे. बायकोला वाटतं मी तिथे बाटली लपवतो. मीही ते खोडून काढत नाही. जाळायला दोनदा नेली, दोन्ही वेळा काडी पेटली नाही. कागदात गुंडाळून पाहिली, तर चार दिवसांत कागद भिजून गळून पडतो. आतला टॉवेल मात्र पाच वर्षांत कुजलेला नाही. मी दर महिन्याला एकदा कपाट उघडून बघतो. आतल्या धुक्यावर एक पंजा उमटलेला असतो, आतल्या बाजूने. डावा, साडेचार बोटांचा. मी म्हणतो, बाई, चुकलं माझं. आणि कपाट लावतो. बाकी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगतोय, त्याला कारण आहे.

गेल्या आठवड्यात उघडलं. टॉवेल होता. त्यावरचं ते पेर नव्हतं. घडी उलटीसुलटी करून पाहिली, बाहेरून जेवढी करता येते तेवढी. पिशवीला भोक नाही, सील जसंच्या तसं.

धुक्यावर पंजा होता. या वेळी पाच बोटं पूर्ण होती. करंगळीचं शेवटचं पेर तेवढं बाकीच्यांहून जाड, आणि त्याच्या टोकाला नखाने ओढल्यासारखा एक बारीक पांढरा ओरखडा. आतून निघालेला, वर चढत गेलेला, माझ्या सहीपासून बोटभर अलीकडे थांबलेला.

आज सकाळी पाहिला, तेव्हा तो सहीच्या पहिल्या अक्षरावर आला होता.